पूर्वकथेचा मोह

चित्रपट आतां आमच्या घरांत पाहुणा म्हणून राहिलेला नाहीं. तो घरचाच झाला आहे. ज्या दिवाणखान्यांत पूर्वीं रात्रीं पोथी लागे, तेथें आतां पडदा उजळतो, आणि आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या त्याच्यासमोर बसतात. तीन पिढ्या एके ठिकाणीं बसल्या म्हणजे मतभेद व्हावयाचेच. परंतु एका गोष्टीवर ह्या तिन्ही पिढ्यांचें पुष्कळदां एकमत आढळतें. एखादा चित्रपट सर्वांस मनापासून आवडलेला असतो. कांहीं वर्षांनीं त्याच कथेचा 'आधींचा भाग' निघतो. सर्वजण मोठ्या उत्कंठेनें तो पाहावयास बसतात, आणि पाहून झाल्यावर, "पहिल्याची सर नाहीं," असें म्हणत उठतात.

अशा चित्रपटास 'प्रीक्वेल' असें इंग्रजी नांव आहे. ह्या लेखापुरतें आपण त्यास 'पूर्वकथापट' म्हणूं. मूळ कथेच्या पुढें जातो तो उत्तरकथापट, व मागें जातो तो पूर्वकथापट. नायकाचें लग्न झालें, खलपुरुषास शासन झालें, म्हणजे कथेला पुढें जावयास वाट उरत नाहीं. मग निर्माता मागें वळतो. नायक लहानपणीं कसा होता, खलपुरुष मुळांत खल कां झाला, त्या ओसाड वाड्यांत पूर्वीं काय घडलें होतें, हें सारें सांगावयाचें शिल्लक असतेंच. प्रेक्षकालाही तें जाणून घेण्याची इच्छा असते. देणारा आहे, घेणारा आहे. तरीही समाधान कां होत नाहीं?

ह्यांतही एक विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. त्रयस्थ प्रेक्षक असा चित्रपट पाहून "बरा आहे" म्हणतो व विसरून जातो. ज्यानें मूळ चित्रपट दहा वेळां पाहिला, ज्याला त्यांतील संवाद मुखोद्गत आहेत, तोच अधिक दुखावला जातो. ज्याचें प्रेम अधिक त्याची निराशा अधिक, असा हा उलटा व्यवहार आहे. त्याचें कारण नीट उमगलें, तर केवळ चित्रपटांविषयींच नव्हे, तर एकंदर कथा कशी सांगावी व कशी ऐकावी ह्याविषयींही आपणांस कांहीं कळेल.

सर्वांच्या तोंडीं येणारें पहिलें कारण असें, कीं पूर्वकथेचा शेवट आधींच ठाऊक असतो, म्हणून तींत गोडी राहत नाहीं. हें कारण आमच्या देशांत तरी टिकणारें नाहीं. कीर्तनांत बुवा उत्तररंगाला हरिश्चंद्राचें आख्यान लावतात. रोहिदास पुन्हां उठणार, तारामतीवरील संकट टळणार, हें समोर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतें. तरीही स्मशानाचा प्रसंग येतांच श्रोते डोळे पुसतात. संस्कृत नाट्यशास्त्रानें तर 'नाटक' ह्या रूपकप्रकाराची कथा प्रख्यात, म्हणजे लोकांना पूर्वींपासून माहीत असलेलीच असावी, असा दंडक घातला. शेवट ठाऊक असणें हा जर दोष असता, तर त्या शास्त्रकारांनीं तो आवर्जून पत्करला नसता.

ह्याचें अगदीं अलीकडील उदाहरण मराठी चित्रपटसृष्टींतच आहे. दिग्दर्शक दिग्पाल लांजेकर ह्यांनीं शिवकालावर एक चित्रपटमालिका केली. २०१८ सालच्या 'फर्जंद'मध्यें कोंडाजी फर्जंदानें पन्हाळा घेतल्याची १६७३ मधील कथा होती. २०१९ सालच्या 'फत्तेशिकस्त'मध्यें लाल महालावरील १६६३ चा छापा होता. २०२२ च्या फेब्रुवारींत आलेल्या 'पावनखिंड'मध्यें १६६० सालचें बाजीप्रभूंचें बलिदान होतें, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलांत आलेल्या 'शेर शिवराज'मध्यें १६५९ चा अफझलखानवध होता. म्हणजे पहिल्या चार चित्रपटांत काळ पुढें सरकलाच नाहीं. तो पायरीपायरीनें चौदा वर्षें मागें गेला. प्रत्येक नवा चित्रपट आधींच्याचा पूर्वकथापटच होता! महाराज खिंडींतून विशाळगडास सुखरूप पोंचणार, हें तर प्रत्येक मराठी माणूस मुंज होण्यापूर्वींच शिकलेला असतो. तरीही 'पावनखिंड' पाहावयास प्रेक्षकांनीं गर्दी केली. तेव्हां शेवट ठाऊक असणें हें निराशेचें खरें कारण नव्हे.

दुसरें कारण निर्मात्यांच्या लोभाचें सांगतात. पहिल्याच्या नांवावर दुसरा खपवावयाचा, एवढाच हेतु असल्यावर कृति चांगली कशी निपजणार, असा हा युक्तिवाद आहे. ह्यांत तथ्य आहे. पण तेंही अपुरें आहे. द्रव्य मिळावें ही इच्छा पहिल्या चित्रपटाच्या वेळीं नव्हती, असें कोण म्हणेल? आमच्या जुन्या नाटकमंडळ्याही तिकिटें विकूनच चालत. पैशासाठीं केलेल्या पुष्कळ कृति उत्तम निपजल्या आहेत. शिवाय निव्वळ वाईट चित्रपट पाहून माणूस हळहळत नाहीं. पूर्वकथापट पाहून मात्र आपलें कांहीं हरवलें, अशी रुखरुख त्याला लागते. तें काय हरवलें, ह्याचा शोध घेतला पाहिजे.

त्यासाठीं आपण आपल्याच जुन्या शास्त्राकडे वळूं. दहाव्या शतकांत माळव्याच्या मुंजराजाच्या आश्रयास असलेल्या धनंजयानें 'दशरूप' नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें नाटकाच्या कथावस्तूचे दोन विभाग केले आहेत: एक नुसता सुचवावयाचा, व दुसरा प्रत्यक्ष दाखवावयाचा. जें मधुर आहे, उदात्त आहे, रसभावांनीं भरलेलें आहे, तें दाखवावें. जें नीरस किंवा रंगभूमीवर अनुचित आहे, तें केवळ सूचित करावें. अशा सूचनेसाठीं शास्त्रानें पांच उपाय सांगितले असून त्यांतील पहिला 'विष्कंभक' होय. पूर्वीं घडलेल्या व पुढें घडावयाच्या गोष्टी मध्यम दर्जाच्या एकदोन पात्रांच्या तोंडून थोडक्यांत कळवावयाच्या, आणि मग मुख्य अंकास आरंभ करावयाचा, हें त्याचें काम. शिष्य येतो, दोन घटका बोलतो, आणि निघून जातो. संक्षेप हाच त्याचा प्राण.

ह्या नियमाचें मर्म पाहावयाचें असेल तर शाकुंतलाचा पहिला अंक काढावा. शकुंतला ही कण्वांची औरस कन्या नव्हे, हें दुष्यंतास कळल्याखेरीज कथा पुढें सरकत नाहीं. म्हणून तिची जन्मकथा कोठें तरी येणें प्राप्त होतें. ती कथा कांहीं लहानसहान नाहीं. विश्वामित्राचें उग्र तप, त्यामुळें देवांना पडलेली धास्ती, वसंत ऋतूचें आगमन, आणि त्या वसंतांत स्वर्गांतून उतरलेली मेनका! एवढ्या सामग्रींतून दुसऱ्या एखाद्या कवीनें सबंध नाटक उभारलें असतें. कालिदासानें ती अनसूयेच्या तोंडीं घातली, आणि तीही अर्धीच. मेनकेचें रूप विश्वामित्राच्या दृष्टीस पडलें, येथपर्यंत सांगून ती मुलगी लाजेनें थांबते; आणि पुढचें समजलें, असें राजाच तिला सांगतो. राजाला समजतें, प्रेक्षकाला समजतें, आणि कथेचें पाऊल पुढें पडतें. जें सांगितलें नाहीं, त्याचा सुगंध मात्र शकुंतलेच्या प्रत्येक हालचालीभोंवतीं सातही अंक दरवळत राहतो. ही कोणी साधी आश्रमकन्या नव्हे, ही अप्सरेची लेक आहे, एवढें आपणांस पुरतें.

आतां पूर्वकथापट करणारा काय करितो तें पहा. अनसूया जेथें थांबली, तेथून तो पुढें बोलूं लागतो. विष्कंभकांतील चार वाक्यें ताणून तो तीन तासांचा अंक करितो. मूळ कर्त्यानें जें कौशल्यानें झांकून ठेविलें होतें, तें अपुरें राहिलें होतें अशा समजुतीनें तो पुरें करावयास जातो.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं पूर्वींची घटना मोठी रोमांचकारक असेल, तर ती दाखविण्यांत वाईट काय? ह्याचें उत्तर असें, कीं घटना स्वतःच्या बळावर रोमांचकारक नसते. ती कोणत्या प्रश्नाशीं बांधलेली आहे, ह्यावर तिचा रस अवलंबून असतो. तीस वर्षांपूर्वीं एखाद्या वाड्यांत झालेला खून मूळ कथेंत भयंकर वाटतो, तो त्याची सावली आज त्या वाड्यांत नांदणाऱ्या माणसांवर पडली आहे म्हणून. सावली सोडून नुसता खून दाखविला, तर तो वर्तमानपत्रांतील वृत्तासारखा होतो.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. कथाकार जी जागा रिकामी सोडतो, ती रिकामी राहत नसते. तींत रसिक आपलें घर बांधतो. 'नटसम्राट' ह्या नाटकाचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. वि. वा. शिरवाडकरांचें हें नाटक १९७० सालीं रंगभूमीवर आलें, व डॉ. श्रीराम लागू ह्यांनीं त्यांतील अप्पासाहेब बेलवलकर अजरामर केले. पुढें २०१६ सालीं त्याचा चित्रपट झाला, त्यांत ती भूमिका नाना पाटेकरांनीं केली. कथा सुरू होते तेव्हां अप्पासाहेबांनीं रंगभूमीचा निरोप घेतलेला असतो. त्यांच्या ऐन उमेदीचा काळ, भरलेलीं नाट्यगृहें, टाळ्यांचा कडकडाट, ह्यांतील कांहींही आपण पाहत नाहीं. जुन्या भूमिकांचे तुकडे तेवढे ऐकतों. तरीही हा माणूस खरोखरच नटसम्राट होता, अशी आपली खात्री पटते. कां? तर त्याचें तें गतवैभव आपण प्रत्येकानें आपापल्या मनांत उभें केलेलें असतें. ज्यानें आयुष्यांत एकच मोठा नट पाहिला असेल, त्याचा नटसम्राट त्या नटासारखा दिसतो.

समजा, उद्यां कोणी तरुण गणपतराव बेलवलकरांवर पूर्वकथापट काढला. त्याला तें वैभव प्रत्यक्ष दाखवावें लागेल. कोणी तरी एक नट उभा राहील, कोणतें तरी एक नाट्यगृह दिसेल, कांहीं तरी विशिष्ट टाळ्या वाजतील. तो नट कितीही गुणी असो, लाखों प्रेक्षकांच्या मनांतील लाखों नटसम्राटांची बरोबरी तो कशी करणार? कल्पनेंतील मूर्तीला माप नसतें. पडद्यावर आली कीं तिला माप येतें. निराशा होते ती येथें. नवा चित्रपट वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो आपल्या मनांतील जुन्या चित्रावर येऊन बसतो म्हणून.

परदेशांत ह्याचें मोठें प्रसिद्ध उदाहरण घडलें आहे. अमेरिकेंत जॉर्ज ल्यूकस ह्यांचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ सालीं निघाला, व १९८३ पर्यंत त्याचे आणखी दोन भाग झाले. नातवंडांना तो ठाऊक असतोच. आजीआजोबांसाठीं एवढेंच सांगावयाचें, कीं तें अवकाशांतील एक देवासुरयुद्ध आहे. त्यांत 'फोर्स' नांवाची एक गूढ शक्ति असून ती सर्व सजीव सृष्टींतून उत्पन्न होते व विश्वास एकत्र बांधून ठेवते, असें एक वृद्ध गुरु शिष्याला सांगतो. दुसऱ्या बाजूस काळा मुखवटा धारण केलेला डार्थ वेडर नांवाचा भयंकर पुरुष आहे. तो एकेकाळीं सज्जन योद्धा होता, एवढें आपणांस कळतें. सोळा वर्षें त्या चित्रपटांचे भक्त ह्या दोन गूढांवर विचार करीत राहिले. मग १९९९ सालीं पूर्वकथेचा पहिला भाग आला. त्यांत तो भयंकर पुरुष नऊ वर्षांचा गोंडस बालक म्हणून दिसला. आणि ती विश्वव्यापी शक्ति कोणामध्यें किती आहे, हें रक्तांतील सूक्ष्म जंतूंच्या संख्येवरून मोजतां येतें, असा उलगडा झाला. ज्या गोष्टीपुढें लोक नम्र झाले होते, तिचा जणूं वैद्यकीय दाखलाच हातीं पडला. जुने भक्त संतापले.

तरीही त्या वर्षीं साऱ्या जगांत सर्वांत अधिक उत्पन्न ह्याच चित्रपटानें मिळविलें. शिवाय ज्यांनीं तो लहानपणीं, मूळ चित्रपटांच्या आधींच पाहिला, त्यांतील पुष्कळांना तो आजही प्रिय आहे. त्यांच्या मनांत मुळीं रिकामी जागाच नव्हती. तेव्हां ती बळकावली गेल्याचें दुःख त्यांना कोठून होणार? चित्रपट एकच, पण सोळा वर्षें मनांत वाट पाहणाऱ्याला तो उणा वाटला, आणि नवख्याला भरपूर वाटला. निराशेचें मूळ केवळ पडद्यावर नसून प्रेक्षकाच्या अंतःकरणांतही आहे, ह्याला ह्याहून चांगला पुरावा नको.

पूर्वकथेची आणखी एक अडचण आहे. तिचे हात दोन्ही बाजूंनीं बांधलेले असतात. २०१४ सालच्या 'टाइमपास'मध्यें दगडू व प्राजक्ता ह्यांची ताटातूट झाली, आणि २०१५ सालच्या दुसऱ्या भागांत मोठेपणीं त्यांची पुन्हां गांठ पडली. पुढें २०२२ सालीं तिसरा भाग निघाला, तो ह्या दोहोंच्या मधल्या काळांतला. त्यांत दगडूच्या आयुष्यांत पालवी नांवाची दुसरी मुलगी येते. हृता दुर्गुळे ह्यांनीं ती भूमिका केली आहे. पण ही मुलगी कितीही गोड असली, तरी दगडूची अखेर प्राजक्तेशींच गांठ पडावयाची आहे, हें प्रेक्षक घरून निघतांनाच जाणतो. शेवट ठाऊक असणें हा दोष नव्हे, असें वर म्हटलें. परंतु येथें गोष्ट थोडी निराळी आहे. बाजीप्रभूंचें मरण आपणांस ठाऊक असतें, आणि सारी कथा त्याच मरणाकडे चढत जाते. तें तिचें शिखर असतें. पालवीच्या कथेचा शेवट मात्र तिच्या स्वतःच्या कथेंतून निघालेला नसून दुसऱ्या चित्रपटानें सात वर्षांपूर्वींच ठरवून टाकलेला असतो. पहिला शेवट फळासारखा पिकतो. दुसरा कुंपणासारखा आडवा येतो.

मग पूर्वकथा सांगूंच नये कीं काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारण जगांतील सर्वांत लाडकी पूर्वकथा आमच्याच देशांत झाली आहे. महाभारतांत श्रीकृष्ण प्रथम भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरांत, पूर्ण वयांत आलेला पुरुष म्हणून. त्याच्या बालपणाविषयीं तेथें फारसें कांहीं नाहीं. राजसूय यज्ञाच्या सभेंत शिशुपाल निंदेच्या भरांत पूतना, शकट, गोवर्धन ह्यांचा हेटाळणीनें उल्लेख करितो, तेवढाच. म्हणजे बाळकृष्ण महाभारतांत सूच्यच आहे. पुढें महाभारताचा खिलभाग म्हणून हरिवंश आला. त्याच्या आरंभीं शौनक तक्रारच करितो, कीं कुरुकुळाची कथा ऐकिली, पण वृष्णि व अंधक ह्यांची ऐकावयाची राहिली. त्या एका तक्रारीपोटीं गोकुळ जन्मास आलें. आज घरोघर जन्माष्टमीला जो पाळण्यांत निजतो, तो द्वारकेचा राजा नव्हे. तो ह्या पूर्वकथेंतील बालक आहे.

ही पूर्वकथा एवढी कां रुजली? कारण तिनें महाभारतांतील कृष्णाचा उलगडा करण्याचा खटाटोप केला नाहीं. गीता सांगणाऱ्या पुरुषाला तें ज्ञान कोणत्या गुरूकडून मिळालें, त्याची राजनीति कोणत्या प्रसंगीं घडली, असल्या प्रश्नांचीं उत्तरें तिनें दिलीं नाहींत. तिनें वात्सल्य नांवाचा सर्वस्वीं नवा रस आणिला. इतकेंच नव्हे, तर कोडें सुटण्याऐवजीं अधिक गहन झालें. अठरा अक्षौहिणींच्या मध्यें रथ उभा करणारा तो हाच का, ज्याला यशोदेनें उखळाला बांधिलें? जी पूर्वकथा जुन्या प्रश्नाला उत्तर देते ती मूळ कथेस लहान करिते; जी नवा प्रश्न उभा करिते ती तिला मोठी करिते. ह्या लेखाचें सारें सार ह्या एका वाक्यांत आहे.

ह्या कसोटीवर आजचीं उदाहरणें घासून पाहावीं. झी मराठी वाहिनीवर २०१६ सालीं 'रात्रीस खेळ चाले' ही कोंकणांतील नाईकवाड्याची मालिका लागली. अण्णा नाईक मरण पावतात, येथूनच तिचा आरंभ होता. २०१९ सालीं तिचा दुसरा भाग निघाला, तो पूर्वकथेचा. अण्णा अजून जिवंत आहेत, वाड्यावर त्यांची जरब आहे, आणि त्यांच्या आयुष्यांत शेवंता आलेली आहे. अण्णा मरणार, हें सर्वांस ठाऊक होतें; तरीही माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घरोघर बोलण्याचा विषय झालीं. कारण तो भाग वाड्यांतील भुताखेतांचा खुलासा करीत बसला नाहीं. एका माणसाचा मद आणि एका स्त्रीचा अभिलाष घराला कसें पोखरतो, हा त्याचा स्वतःचा विषय होता.

'बाहुबली'ची युक्ति आणखी निराळी होती. २०१५ सालच्या पहिल्या भागाच्या शेवटीं कटप्पानें बाहुबलीस मारलें, एवढेंच कळतें. कां मारलें, ह्याचें उत्तर २०१७ सालच्या भागांतील पूर्वकथेंत आहे. तेथें प्रश्न कर्त्यानें स्वतः होऊन, उत्तर देण्याच्या करारानेंच, उभा केला होता. १९७४ सालच्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागांत बापाच्या तरुणपणाची कथा व मुलाच्या अधःपाताची कथा आळीपाळीनें चालतात. बाप घर बांधीत जातो, मुलगा घर मोडीत जातो, आणि दोन्ही चित्रें शेजारीं ठेविल्यामुळें भूतकाळ वर्तमानास जाब विचारतो. आमच्या भवभूतीनें ही युक्ति बाराशें वर्षांपूर्वीं साधिली आहे. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत राम व सीता आपल्याच पूर्वचरित्राचीं चित्रें पाहतात. वनवास संपलेला आहे, तीं सुखांत आहेत. पण चित्रांतील विरह पाहतां पाहतां तीं व्याकुळ होतात, आणि पुढचा विरह दाराशीं येऊन उभा आहे हें प्रेक्षक जाणतो. पूर्वकथा ती हीच; पण आजच्या दुःखासाठीं सांगितलेली.

आमच्या पारोळ्यालाही हा विचार लागू पडतो. गांवाच्या मध्यभागीं जो भुईकोट किल्ला आहे, तो १७२७ सालीं जहागीरदार हरि सदाशिव दामोदर ह्यांनीं बांधविला, आणि पन्नास घरांच्या खेड्याचें तटबंदीचें शहर केलें, असें जुनें गॅझेटिअर सांगतें. झाशीच्या नेवाळकर घराण्याशीं ह्या जहागिरीचें नातें होतें. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीं ती जप्त करून किल्ल्याची मोडतोड केली. राणी लक्ष्मीबाईंचें माहेरचें नातेंही येथलेंच, असें गांवची परंपरा मानते. त्यामुळें १९५३ सालचा सोहराब मोदींचा 'झांशी की रानी' असो, कीं २०१९ सालचा 'मणिकर्णिका' असो, आमच्या गांवकऱ्यांच्या मनांत एकच प्रश्न उठतो: ह्यांत आमचें पारोळें कोठें आहे?

समजा, कोणी राणीच्या पूर्वकथेवर पारोळ्याचा चित्रपट काढावयाचें ठरविलें. राणी घोड्यावर बसण्यास कोठें शिकली, तिचा तेजस्वी स्वभाव कोणाकडून आला, हें दाखविण्यासाठीं तो असेल, तर तो न काढलेला बरा. राणीचें तेज तिच्या करणींत आहे. त्याला उगमाचा दाखला लागत नाहीं. परंतु १८५७ च्या जूनमध्यें ह्याच घराण्यांतील सदाशिवराव पारोळेकर ह्यानें करेरा किल्ला घेऊन स्वतःस झाशीचा राजा म्हणून जाहीर केलें, आणि राणीला परक्या शत्रूच्या आधीं ह्या भाऊबंदाशीं लढावें लागलें. तो 'मणिकर्णिका'त दिसतो, पण केवळ खलपुरुष म्हणून. गादीवर आपलाच हक्क आहे, असें मनोमन मानणारा एक मनुष्य, दत्तकविधानानें दुखावलेला, राज्य बुडत असतांनाही वारसाहक्क न विसरणारा, हा विषय स्वतंत्र आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणाही वाचकास तो समजावून द्यावा लागणार नाहीं. अशी पूर्वकथा राणीचें रहस्य उकलणार नाहीं. उलट तिनें काय काय सोसलें ह्याची नवी जाणीव देईल.

हा विचार घरांतल्या व्यवहारासही उपयोगी आहे. मुलांना एखादी चित्रपटमालिका दाखवावयाची असेल, तर ती कथेंतील कालक्रमानें न दाखवितां, ज्या क्रमानें ती निर्माण झाली त्या क्रमानें दाखवावी. आधीं रिकामी जागा निर्माण होऊं द्यावी, मग ती भरणारा भाग पुढें ठेवावा. आणि मध्यें चार दिवस जाऊं द्यावे. त्या चार दिवसांत मूल स्वतः होऊन कांहीं कल्पील. "आजोबा, तो आधीं चांगला असेल का हो?" असें तें विचारील, तेव्हां यंत्रावर शोधून उत्तर देण्याची घाई करूं नये. "तुला काय वाटतें?" असें विचारावें. हल्लीं प्रत्येक कुतूहलाचें उत्तर क्षणार्धांत हातीं येतें; उत्तर न कळतां कांहीं काळ राहण्याची संवयच मुलांना उरलेली नाहीं. कल्पनाशक्ति वाढते ती ह्याच काळांत.

आणि नवा पूर्वकथापट आला, तर पाहण्यापूर्वीं एकच प्रश्न करावा: ह्या कथेला स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें आहे काय, कीं ती दुसऱ्या कथेचीं राहिलेलीं उत्तरें घेऊन आली आहे? पहिलें असेल तर खुशाल पाहावी. दुसरें असेल तर आपल्या मनांतील चित्र अधिक मोलाचें समजून तें जपावें. त्या चित्रासाठीं कोणी तिकीट लावीत नाहीं, आणि तें दुसऱ्या कोणाजवळ असूंही शकत नाहीं.

प्रत्येक घरालाही त्याची पूर्वकथा असते. पणजोबांनीं गांव कां सोडलें, दोन भावांत अबोला कां पडला, आजी त्या एका सणाला गप्प कां असते, हें नातवंडें विचारतात. तें त्यांच्यापासून लपवूं नये. पण सांगतांना अनसूयेचा विवेक बाळगावा. जेवढें आजच्या आयुष्याला अर्थ देईल तेवढें सांगावें, आणि मग थांबावें. ऐकणारा आपलाच आहे. पुढचें त्याचें त्याला समजेल.